पैठण: नाव आणि निर्वाह

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक वृत्तांतात पैठणचा उल्लेख आहे. येथील अकीकासारखे मौल्यवान खडे गाड्यांत भरून, वीस दिवसांची वाट तुडवीत, भडोच बंदरास जात. सातवाहनांची ही राजधानी पुढे धर्मनिर्णयाचे पीठ झाली. १५९९ साली एकनाथांनी येथेच देह ठेवला. तथापि या नगरीचे वैभव केवळ शास्त्रार्थावर उभे नव्हते. त्याखाली व्यापाराचा आणि हातमागाचा पाया होता.

तो पाया कालांतराने खचला. आज पैठणी प्रामुख्याने विणली जाते ती येवल्यात. पैठणकडे मुख्यतः नाव उरले. १९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराने शंभरावर गावे पोटात घेतली आणि मराठवाड्याची शेते भिजविली, शहरांची तहान भागविली. हे ऋण मोठे आहे; परंतु धरण म्हणजे गावाचा निर्वाह नव्हे.

नाथषष्ठीचा यात्रेकरू चार दिवसांचा पाहुणा असतो. माग वर्षभर चालतो. म्हणून पैठणच्या विकासाचा विचार घाट आणि उद्याने यांपाशी थांबता कामा नये. विणकराच्या मुलाला बापाचा माग सोडावासा वाटू नये इतके मोल त्याच्या श्रमांस मिळाले, तरच प्रतिष्ठान हे नाव सार्थ ठरेल.