विद्यार्थ्याचा प्रश्न आणि जाणत्याचे कर्तव्य

सत्र संपत आले, की तत्त्वज्ञानाच्या जाणकारांकडे एका ठरावीक प्रकारची विचारणा होऊ लागते. विचारणारा बहुधा अपरिचित असतो. ‘देकार्तच्या संशयपद्धतीचे चिकित्सक परीक्षण करा’ किंवा ‘ह्यूमच्या कार्यकारणभावाच्या मीमांसेचे मूल्यमापन करा’ असे एखादे वाक्य त्याने प्रश्नपत्रिकेतून जसेच्या तसे उतरवून काढलेले असते. उत्तर परवापर्यंत हवे असते आणि शेवटी ‘सविस्तर लिहावे, ही नम्र विनंती’ अशी पुस्ती जोडलेली असते. त्या वाक्यामागे विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या विचाराचा मागमूसही दिसत नाही. अशा वेळी जाणत्याने काय करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी ज्ञान देणे म्हणजे नेमके काय देणे, या मूळ प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

जाणत्यांमध्ये याबाबत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष कडक शिस्तीचा. ‘हा तुझा स्वाध्याय आहे, तो तूच कर’ एवढे सुनावून तो दार लावून घेतो. दुसरा पक्ष उदारांचा. विद्येचे दान करताना हात आखडता घेऊ नये, या भावनेने तो चार पाने लिहून देतो आणि विद्यार्थी ती आपल्या अक्षरात उतरवून मोकळा होतो. दोघांचेही हेतू शुद्ध असतात. परंतु पहिल्याच्या दारातून विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो आणि दुसऱ्याच्या दारातून भरल्या हाताने, पण रिकाम्या डोक्याने परततो.

तत्त्वज्ञानाच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते, त्याला कारण आहे. कांटचा जन्म कोणत्या वर्षी झाला, असे कोणी विचारले, तर १७२४ हे उत्तर सरळ सांगून टाकावे; त्यात विचारणाऱ्याचे काहीच हिरावले जात नाही. शब्दाचा अर्थ, ग्रंथाचे नाव, एखाद्या मताचा कर्ता कोण, ही माहिती एका हातातून दुसऱ्या हातात देता येते. परंतु ‘परीक्षण करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ या आज्ञांमध्ये जे मागितलेले असते, ती माहिती नसून कृती असते. दुसऱ्याने केलेला व्यायाम जसा आपल्या अंगी लागत नाही, तसे दुसऱ्याने केलेले परीक्षण आपले होत नाही. तत्त्वज्ञानात निष्कर्षाला किंमत असते ती त्यापर्यंत नेणाऱ्या युक्तिवादामुळे. तो युक्तिवाद वगळून हाती आलेला निष्कर्ष हे केवळ एक मत असते, आणि मते तर बाजारात फुकट मिळतात.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातील प्रसंग येथे उद्बोधक आहे. दोन फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ चार चौरस फूट होते. त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी, असे सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला विचारतो. मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट. पण त्याने क्षेत्रफळ सोळा होते. मग तो तीन म्हणतो. ते नऊ होते. अखेर ‘मला माहीत नाही’ अशी कबुली तो देतो. ही कबुली म्हणजे मुलाचे नुकसान नसून त्याची प्रगती होय, हे सॉक्रेटिस तेथेच मेनोच्या निदर्शनास आणून देतो. या कथेचा एवढाच भाग नेहमी सांगितला जातो. परंतु पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. मुलगा अडल्यावर सॉक्रेटिस हात बांधून बसत नाही. चौरसाचा कर्ण तो स्वतः दाखवतो. त्या रेषेवरचा चौरस दुप्पट होतो, हे मात्र मुलगा मोजून स्वतः सांगतो. केव्हा गप्प राहावे आणि केव्हा एक रेषा काढून द्यावी, हे ओळखण्यातच शिकवण्याची कला आहे. कडक पक्षाला ती रेषा काढणे मंजूर नसते, तर उदार पक्ष मोजणीही स्वतःच करून टाकतो.

भारतीय परंपरेलाही हा विवेक अपरिचित नव्हता. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलादाकडे येतात. तो त्यांना झिडकारत नाही आणि लगेच उत्तरही देत नाही. वर्षभर येथे राहा, मग हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सारे सांगू, असे तो म्हणतो. यात उत्तर नाकारलेले नाही. प्रश्न पिकण्यासाठी अवधी मागितलेला आहे. शिवाय ‘ठाऊक असेल तर’ ही अट गुरू स्वतःलाही लावून घेतो.

परवाची मुदत असलेल्या विद्यार्थ्याला वर्षभर थांब असे सांगता येणार नाही, हे उघड आहे. तथापि त्याच्या प्रश्नाची तयारी अर्ध्या तासात तपासता येते. प्रश्न तुला काय समजला? मूळ पुस्तकातील कोणता भाग वाचलास? कोठे अडलास? या तीन पृच्छांना जो उत्तर देईल, त्याच्यासाठी पुढचे सारे दार उघडावे. जो देणार नाही, त्यालाही रागाने घालवू नये. वाचायचा ग्रंथ आणि त्यातील प्रकरण सांगून परत येण्याचे निमंत्रण द्यावे.

याहूनही परिणामकारक मार्ग म्हणजे विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारचा प्रश्न सोडवून दाखवणे. ह्यूमविषयी विचारणाऱ्याला चार्वाकाकडे न्यावे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती मान्य केल्याखेरीज अनुमान होत नाही. आणि भूत-भविष्यातील सारे धूर कोणी पाहिलेले नसल्याने ती व्याप्ती प्रत्यक्षाने सिद्ध होत नाही, असा चार्वाकाचा आक्षेप माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त मांडलेला आहे. धूर हवा असेल तेव्हा माणूस निःशंकपणे अग्नीच पेटवतो. तेव्हा स्वतःच्या वर्तनाशी विसंगत ठरेपर्यंतच शंका ताणता येते, हे त्यावर उदयनाचार्यांचे उत्तर. ही वादावादी समजावून सांगावी आणि विचारावे : ह्यूमचा प्रश्न हाच आहे काय? उदयनांचे उत्तर त्याला लागू पडेल काय? यातील एकही वाक्य विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेत उतरवता येणार नाही. परंतु ज्याने हे समजून घेतले, त्याला ह्यूमवर लिहिण्यासाठी दुसऱ्याचा हात धरावा लागणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. नमुना पाहूनच कारागीर शिकतो. मग उत्तम निबंधाचा नमुना विद्यार्थ्यापुढे ठेवण्यात गैर काय? आक्षेपात तथ्य आहे. पण कारागिराचा शिकाऊ नमुना पाहून दुसरी वस्तू घडवतो. तोच नमुना आपला म्हणून बाजारात नेत नाही. नमुना अवश्य द्यावा, पण तो शेजारच्या विषयावरचा द्यावा, किंवा विद्यार्थ्याने स्वतः लिहून झाल्यानंतर द्यावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि कडक पक्षाने तो विशेषेकरून ऐकला पाहिजे. ज्याच्या घरी शिकलेले आईवडील आहेत, पुस्तकांची कपाटे आहेत, त्याला जेवणाच्या पाटावरच प्रश्नाची उकल मिळून जाते. त्याच्यावर कोणी चोरीचा आरोप करीत नाही. तालुक्याच्या गावी शिकणारा, घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारा पहिलाच मुलगा मात्र कोणाला विचारणार? विषयाचे शिक्षक नेमलेले नसतील, ग्रंथालयात मराठीतील चार जुनी पुस्तके असतील, आणि अनोळखी जाणता हाच त्याचा एकमेव आधार असेल. त्याच्या प्रश्नातील ओबडधोबडपणा हा आळसाचा पुरावा मानणे अन्यायाचे होईल. प्रश्न कसा विचारावा, हेच त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून विचारणाऱ्याच्या हेतूची झडती घेण्याच्या भानगडीत जाणत्याने पडूच नये. उत्तरच असे द्यावे, की खऱ्या जिज्ञासूला ते भरपूर पुरेल आणि नक्कल करणाऱ्याच्या काही उपयोगी पडणार नाही.

या दोषाचा मोठा वाटा विद्यार्थ्याच्या पदरी टाकण्याचेही कारण नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून; अध्यापन हे विद्यापीठाचेही काम असावे, ही कल्पना कायद्यात १९०४ मध्ये आली. परीक्षा हेच विद्येचे केंद्र मानण्याची ती सवय अद्याप गेलेली नाही. वर्षानुवर्षे तेच प्रश्न फिरवून विचारले जात असतील, तर तयार उत्तरांचा बाजार भरणारच. ज्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात छापलेले मिळते, तो प्रश्न विचारणाऱ्याने विद्यार्थ्याकडून स्वतंत्र विचाराची अपेक्षा ठेवणे हीच विसंगती होय. लिहून आणलेल्या स्वाध्यायावर शिक्षकाने दहा मिनिटे तोंडी विचारणा केली, तरी उसन्या उत्तराचा मोह निम्म्याने ओसरेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून तर अशा निबंधासाठी कोणाची विनवणी करण्याचीही गरज उरली नाही. मग जाणत्याने एवढा विवेक कशाला करावा, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. तयार उत्तराची किंमत शून्यावर आली, म्हणूनच जे तयार मिळत नाही, त्याचे मोल वाढले. विद्यार्थ्याच्या युक्तिवादात नेमकी कोणती कडी निखळली आहे, हे त्याच्यासमोर बसून दाखवणारा आणि त्याने ती सांधेपर्यंत थांबणारा माणूस आज पूर्वीपेक्षा अधिक हवा आहे.

छांदोग्य उपनिषदात इंद्र आणि विरोचन हे दोघे प्रजापतीकडे आत्मज्ञानासाठी जातात. बत्तीस वर्षांनंतर दोघांना एकच उत्तर मिळते आणि दोघेही समाधानाने निघतात. देह हाच आत्मा, असे समजून विरोचन घरी पोहोचतो आणि असुरांना तेच सांगत सुटतो. इंद्राला मात्र वाटेत शंका येते : देह आंधळा झाला तर आत्माही आंधळा होईल, देह नष्ट झाला तर तोही नष्ट होईल, मग यात मिळाले काय? तो माघारी फिरतो. असे करता करता त्याची एकशे एक वर्षे गुरूच्या घरी जातात. उत्तर दोघांनाही सारखेच मिळाले होते. फरक पडला तो वाटेतल्या शंकेने. ती शंका कोणालाही आयती देता येत नाही. ती उगवायला जागा राहील, एवढे उत्तर देणे आणि माघारी येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवणे, हेच जाणत्याचे कर्तव्य होय.