मूकपट आणि मराठवाड्याचा संबळ

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’च्या (१९१९) आरंभी कथा नाही. पडद्यावर फक्त त्यांच्या मुलीचा, सात वर्षांच्या मंदाकिनीचा चेहरा दिसतो. नाना भाव त्यावर येतात-जातात आणि बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. या जागी काय वाजावं?

फाळक्यांच्या काळात हा प्रश्न पडद्याशेजारी बसलेले पेटी-तबलेवाले सोडवत. चित्र पाहत वाजवत, लिहून ठेवत नसत. आज मूकपटांच्या रिस्टोरेशनला ही उणीव फार नडते.

फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) गोष्ट पाहा. प्रदर्शनानंतर तो कापला गेला. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या संग्रहालयात त्याची जवळजवळ पूर्ण अशी १६ मिमी प्रत सापडली. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे ठरवताना गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांची मूळ स्वरलिपी कामी आली, कारण तिच्यात दृश्यांच्या हजारावर खुणा होत्या. संगीतानेच चित्रपट सांधला!

आपल्याकडे असा आधार नाही. फाळक्यांच्याच ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रीळ तेवढी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे; तीही १९१३ची की १९१७च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे.

हिमांशू रॉय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या मूकपटांचं नशीब त्या मानाने बरं. ‘प्रपंच पाश’ला (१९२९) नितीन साहनींचं संगीत मिळालं, २००७मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते वाजवलं. ‘शिराज’ (१९२८) २०१७मध्ये नव्याने आला तो अनुष्का शंकर यांच्या संगीतासह. साहनींचा वाद्यवृंद भव्य, पण अधूनमधून नटांच्या डोळ्यांवर चढतो. ‘शिराज’ची सतार चित्राला बोलू देते.

मराठवाड्यात मूकपटांचं काय झालं? नांदेड-लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात. १९२२च्या सुमारास बंगाली दिग्दर्शक धीरेन गांगुलींनी हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली. ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवल्यावरून निजामाची मर्जी फिरली आणि त्यांना संस्थान सोडावं लागलं. तिथला चित्रपटधंदा बाळसं धरण्याआधीच आटोपला.

वाजवणारे मात्र या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माहूरच्या रेणुकेचा गोंधळी एका वाकड्या काठीने आणि एका सरळ काठीने संबळ वाजवतो, जोडीला तुणतुणं. कथा वळली की लय वळते, समोर कागद नसतो. मूकपटाच्या वादकाचं कसबही नेमकं हेच होतं.

म्हणून ‘कालियामर्दन’ नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात किंवा लातूरच्या दयानंद सभागृहात गोंधळ्यांच्या साथीने दाखवायला हवा. गती आधी ठरवावी. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटींचं. ते आजच्या २४ने चालवलं तर मंदाकिनी धावत सुटेल आणि ठेकाही तिच्यामागे फरफटेल. तिच्या चेहऱ्यावर नुसतं तुणतुणं असावं, संबळ कृष्णाच्या यमुनेतल्या उडीपर्यंत राखून ठेवावा. आणि या खेपेला वाजवलेलं सगळं लिहून काढावं: कोणत्या दृश्याला कोणता ताल, कितव्या मिनिटाला लय चढली, काठी कुठे थांबली.