अपस्मार आणि प्राकृत तपासण्या

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) समूहातून अकस्मात व एकाच वेळी अतिरिक्त विद्युत् विसर्जन झाल्यास झटका येतो. असे झटके वारंवार येण्याच्या प्रवृत्तीला अपस्मार म्हणतात. व्यवहारात फेफरे वा मिरगी ही नावे रूढ आहेत. पुष्कळ रुग्णांमध्ये विद्युत् मस्तिष्कालेख (ईईजी) व चुंबकीय अनुस्पंदनाने घेतलेली मेंदूची प्रतिमा (एमआरआय) या दोन्ही तपासण्या प्राकृत (सर्वसामान्य) आढळतात. अशा वेळी विकारच नाही असा समज होण्याची शक्यता असते. या निष्कर्षांचा खरा अर्थ व त्यांचा रुग्णाच्या जीवनाशी असलेला संबंध यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

निदानाचा पाया : चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार सांगितले असून ते लक्षणांवरून ओळखावयाचे आहेत. आधुनिक वैद्यकातही निदानाचा मुख्य आधार लक्षणे हाच आहे. अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार तात्कालिक कारणाशिवाय आलेले व २४ तासांहून अधिक अंतराने घडलेले दोन झटके निदानास पुरेसे असतात. एकच झटका आला असला, तरी पुढील १० वर्षांत तो पुन्हा येण्याची शक्यता शेकडा ६० वा त्याहून अधिक असल्यास अपस्माराचे निदान करता येते. ही शक्यता ठरविताना तपासण्यांचा उपयोग होतो. परंतु दोन झटक्यांच्या निकषासाठी तपासणी सदोष असण्याची अट नाही.

तपासण्या प्राकृत का येतात : जर्मन मनोविकारतज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२९ साली मानवी मस्तिष्कालेखाविषयीचे आपले पहिले संशोधन प्रसिद्ध केले. या तपासणीत डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या विद्युत् अग्रांनी मेंदूतील सूक्ष्म विद्युत् दाबांची नोंद होते. नेहमीचा आलेख साधारणपणे अर्ध्या तासाचा असतो आणि तो बहुधा दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात काढला जातो. शिवाय मेंदूच्या बाह्यकाचा सु. ६ ते १० चौ. सेंमी. भाग एकदम उद्दीपित झाल्याशिवाय तरंग त्वचेपर्यंत स्पष्टपणे पोहोचत नाहीत. खोल घड्यांतील विसर्जने निसटून जातात. यामुळे पहिल्या आलेखात अपस्मारसूचक तरंग सु. निम्म्याच रुग्णांत सापडतात. झोपेतील, जागरणानंतरचे किंवा पुनःपुन्हा काढलेले आलेख हे प्रमाण वाढवितात. उलट, कधीही झटका न आलेल्या काही थोड्या निरोगी व्यक्तींतही असे तरंग दिसतात. म्हणून केवळ आलेखावरून निदान करणे वा ते नाकारणे, दोन्ही अयोग्य ठरते.

एमआरआय मेंदूची रचना दाखविते, कार्य नव्हे. जन्मजात प्रवृत्तीमुळे होणाऱ्या अनेक अपस्मारांत रचना निर्दोष असते. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे : सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसतात, हातातील कप उडतो व पुढे केव्हातरी मोठा झटका येतो. यात एमआरआय प्राकृतच असते. रुग्ण हे हिसके आपणहून सांगत नाही. ते विचारावे लागतात. कार्बामॅझेपीन या औषधाने ते वाढू शकत असल्याने ही चौकशी उपचाराच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

साक्षीदाराचे वर्णन : रुग्णाची शुद्ध हरपली असल्यास त्याला स्वतःला काही आठवत नाही. त्यामुळे झटका पाहणाऱ्याने सांगितलेली माहिती मोलाची असते : सुरुवात कशी झाली, डोळे व मान कोणत्या बाजूला वळली, किती वेळ लागला, नंतर गोंधळलेली अवस्था होती काय, इत्यादी. हल्ली भ्रमणध्वनीवर घेतलेले चित्रणही उपयोगी पडते. साधी मूर्च्छा, हृदयाच्या लयीतील बिघाड व मानसिक कारणांनी येणारे झटके यांतही तपासण्या प्राकृत असू शकतात; त्यामुळे औषधांनी झटके थांबत नसल्यास निदानाचा फेरविचार आवश्यक असतो. अशा वेळी चित्रणासह दीर्घकाळ काढलेला मस्तिष्कालेख निर्णायक ठरू शकतो.

रुग्णाचे जीवन : मोडलेले हाड क्ष-किरणचित्रात दिसते, येथे दाखविण्यासारखे काहीच नसते. 'सगळे नॉर्मल आहे' हे ऐकून कुटुंबीय कधी रुग्णावर ढोंगाचा संशय घेतात, तर कधी बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेतात. औषध अनावश्यक समजून एकाएकी बंद केले जाते, हा यातील सर्वांत मोठा धोका होय. अशाने न थांबणारे, प्राणघातक झटके येऊ शकतात. साधारणपणे दोन वर्षे वा अधिक काळ झटके न आल्यासच, वैद्याच्या सल्ल्याने, औषध हळूहळू कमी करण्याचा विचार होतो.

प्राकृत तपासणीमुळे दैनंदिन दक्षता कमी होत नाही. विहीर, नदी, चूल व उंच जागा यांपासून जपावे. पुरेशी झोप घ्यावी. वाहन परवान्यासाठीच्या घोषणापत्रात अपस्माराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर झटक्यांवरून द्यावयाचे असते, तपासणीवरून नव्हे. झटक्याच्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवावे. तोंडात काही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याचा उपयोग नाही. झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास रुग्णालयात न्यावे.

तथापि प्राकृत निष्कर्षाला आशेची बाजूही आहे. मेंदूत गाठ, व्रण वा फीतकृमीच्या अळ्यांची पुटी दिसली नाही, हे स्वागतार्हच होय. रचनात्मक दोष नसलेल्या अनेक रुग्णांचे झटके औषधांनी पूर्ण थांबतात. मात्र औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत, दोषस्थान दिसत नसल्याने, शस्त्रक्रियेचा निर्णय अवघड होतो. भारतात हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारविषयक अट १९९९ सालच्या दुरुस्तीने वगळण्यात आली. कायद्याने दूर केलेला हा कलंक समाजाच्या मनातूनही जावा, यासाठी न दिसणारा विकार खरा असू शकतो हे समजून घेणे आवश्यक आहे.