डब्यावरचं नाव आणि पायाखालचा गिअर

आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रवेल्ली लागते. इथे गोंडी, तेलुगू, मराठी आणि बंजारा बोली एकाच गॅरेजपुढे ऐकू येतात, आणि दुचाकीत कुठल्या कंपनीचं ऑइल टाकावं हा वाद चारही भाषांत रंगतो. कुणी कॅस्ट्रॉलचं नाव घेतं, कुणी सर्व्होवर अडून बसतं, कुणाला मोतुलशिवाय दुसरं चालत नाही. प्रत्येकाचा पुरावा मात्र एकच असतो: "ते टाकलं आणि गाडी मऊ झाली. गिअर अलगद पडायला लागला."

हा अनुभव खोटा नाही. चालवणाऱ्याच्या पायाला आणि हाताला खरोखरच काहीतरी कळलेलं असतं. फक्त त्याचं श्रेय डब्यावरच्या नावाला द्यायची घाई होते.

मोटारीत इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरचं वेगळं असतं. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना सांभाळतं. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमरचे लांब रेणू मिसळलेले असतात. गिअरच्या दात्यांमध्ये सापडून हे रेणू तुटत जातात. दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये ऑइल पातळ होऊ लागतं, गिअर टाकताना खट्ट आवाज येतो आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. हे सगळं इतकं हळूहळू होतं की रोज गाडी चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस ऑइल बदललं जातं आणि पाच मिनिटांत फरक जाणवतो. पण तुलना कशाची झाली? एका कंपनीच्या थकलेल्या ऑइलची दुसऱ्या कंपनीच्या ताज्या ऑइलशी. अशा सामन्यात ताजं ऑइल कुणाचंही असो, तेच जिंकणार.

दुसरी जाणवणारी गोष्ट म्हणजे घट्टपणा. डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० या आकड्यांतला पहिला भाग थंडीतल्या वागणुकीचा आणि दुसरा तापलेल्या इंजिनातल्या घट्टपणाचा. हा दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक), ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असावं लागतं. पौष अमावस्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला निघणाऱ्यांना इथली पहाटेची थंडी ठाऊक आहे. त्या थंडीत १०डब्ल्यू-३० ची शिफारस असलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० भरलेलं असेल, तर किक जड लागते आणि गाडी तापेपर्यंत पिकअप ओढल्यासारखा वाटतो. उलट त्याच घट्ट ऑइलमुळे जुन्या इंजिनाची टॅपेटची खडखड दबते आणि मालक खूश होतो. हा फरक खरा, पण तो नंबरचा.

आता बारीक मुद्दा. वरचे पट्टे पुन्हा पाहा. ४० नंबरची दोन ऑइलं, एक १३ वर आणि दुसरं १६ वर, दोन्ही नियमात बसतात, तरी त्यांच्या घट्टपणात जवळजवळ पाव हिस्स्याचा फरक आहे. म्हणून एकाच नंबरच्या दोन कंपन्यांत एखाद्या मुरलेल्या चालवणाऱ्याला थोडं वेगळं वाटलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण तो जे ओळखतो ते घट्टपणाचं माप आहे. एक नरम आणि दुसरं कडक वाटलं, म्हणजे पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट असं ठरत नाही.

मायलेजचे दावे मला जास्त खटकतात. शिफारशीपेक्षा घट्ट ऑइल वापरलं तर इंधनात एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. साठचं मायलेज देणाऱ्या गाडीला हे जेमतेम एक किलोमीटर. चाकातली हवा, समोरचा वारा आणि मागे बसलेला माणूस यांच्यात हा फरक बुडून जातो. "ऑइल बदलल्यावर पाच किलोमीटर वाढले" असं कुणी सांगितलं, तर आधी टायरमधली हवा विचारावी.

एक फरक मात्र कुणालाही कळेल, आणि तो महागात पडतो. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारींसाठीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लच प्लेटवर बसली की उटनूरच्या डोंगराळ भागात, डबलसीट चढावर, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. यासाठीच जपानमध्ये १९९८ साली जासो हे मानक आलं. गिअरच्या मोटारसायकलला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असलेलं ऑइल हवं. एमबी हे बिनगिअरच्या स्कूटरसाठी.

मग कंपनीला काही अर्थच नाही का? इंजिनाच्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागत नाही. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तिथे घट्टपणाचंच राज्य चालतं. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो किंवा कॅम घासतो, तिथे थर तुटतो आणि जस्त-फॉस्फरसची द्रव्यं झीज रोखतात. चांगल्या-वाईट ऑइलचा खरा निकाल इथे लागतो, पण तो हजारो किलोमीटरनंतर, इंजिन खोलल्यावर. हँडल धरलेल्या हाताला तो कळू शकत नाही. सिंथेटिकचंही तसंच. एप्रिल-मेच्या उन्हात हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ते जास्त काळ टिकतं, पण पहिल्या दिवशी ते ओळखू येईलच असं नाही.

अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर वेगवेगळ्या ऑइलांची चाचणी केली आणि १९९६ साली निकाल छापला. प्रत्येक टॅक्सी सुमारे ९६,००० किलोमीटर पळाली, मग इंजिनं खोलून झीज मोजली. मानकांत बसणाऱ्या ऑइलांत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे. टॅक्सीचं इंजिन दिवसभर तापलेलं असतं, आणि आपल्याकडची गाडी घर ते शेत, शेत ते दुकान अशी थंडच धावते. अशा छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल उतरतं. पण त्यावर उपाय म्हणजे ऑइल वेळेवर बदलणं, मग डबा कुणाचाही असो.

ज्याला वाद मिटवायचा आहे त्याने मेस्त्रीला सांगावं: एकाच नंबरची, दोन कंपन्यांची ऑइलं आण, यातलं कुठलं टाकलंस ते मला सांगू नकोस, आणि कधी कधी तेच ऑइल पुन्हा टाक. मग आपलं मत वहीत लिहून ठेवावं आणि शेवटी ताडून पाहावं.

कापसाच्या पैशातून गाडी सांभाळणाऱ्याने महागड्या नावासाठी ओढाताण करावी असं मला मुळीच वाटत नाही. पुस्तिकेतला नंबर, जासोची खूण, खात्रीचं दुकान, एवढं पुरे. वाचलेले पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात घालावेत. रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात कुणी नकली ऑइल भरून विकणार नाही. आणि पातळी बघावी. जेमतेम लिटरभर ऑइल मावणाऱ्या इंजिनात दोनशे मिली कमी झालं, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर लावायची, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायची, ऑइल खाली बसू द्यायचं, मग पट्टी पुसून बुडवायची. पट्टी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.