यंत्र जागे होताना (११) : ५१२ केबीची वेस

आज इनिटआरडीवर, म्हणजे बूट होताना कर्नलला लागणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टीमवर, लिहायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण अकोल्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे आणि तो माझ्या फार आवडीचा आहे. तो विचारतो, कर्नल उघडल्यावर दुपटीहून मोठा होतो. मग जुन्या लिनक्सची ५१२ केबीची मर्यादा दाबलेल्या फाइलीवरच का? उघडलेल्या कर्नलवर का नाही?

याचे उत्तर आपल्याकडच्या प्रेसिंग फॅक्टरीत मिळते. १७० किलोची गठाण वखारीच्या दारातून आत गेली पाहिजे. रुई मोकळी करायची जागा निराळी असते. झेडइमेजचे, म्हणजे जुन्या लिनक्सच्या दाबलेल्या कर्नल फाइलीचे, दार फार अरुंद होते. पीसी चालू होतो तेव्हा प्रोसेसर रिअल मोडमध्ये असतो आणि त्याचा हात साधारण पहिल्या १ एमबीपर्यंतच पोचतो. त्यातला ६४० केबीच्या वरचा पट्टा स्क्रीन आणि बायोसचा. तळाशी बायोसच्याच नोंदी. म्हणून दाबलेला कर्नल ६४ केबीच्या खुणेपासून ठेवायचा, आणि ५७६ केबीच्या खुणेवर बूट सेक्टर व सेटअपचा कोड ठाण मांडून बसलेला. मध्ये उरले ५१२ केबी. प्रोटेक्टेड मोडमध्ये गेल्यावर कर्नल उघडायचा तो १ एमबीच्या वर, आणि तिथे रॅम असेल तेवढी मोकळीक.

मग वर एवढी जागा असताना दाबलेली फाइलच तिथे का नेऊ नये? फेब्रुवारी १९९६ मध्ये हान्स लेर्मेन आणि वर्नर आल्मेसबर्गर यांनी नेमके हेच केले. बायोसमध्ये मेमरीचा ब्लॉक १ एमबीच्या वर हलवणारी एक सेवा आधीपासून होती. कर्नलचा तुकडा खाली वाचायचा, त्या सेवेकरवी वर टाकायचा, की पुढचा तुकडा. कर्नल १.३.७३ पासून ही बीझेडइमेज रुळली. आकुंचनाची पद्धत जुनीच, जीझिप.

यात एक पेच होता, आणि त्याची सोडवणूक मला आजही सुंदर वाटते. दाबलेला कर्नल १ एमबीपासून ठेवलेला, आणि उघडलेलाही तिथूनच सुरू व्हायला हवा. मग उघडलेल्याचा पहिला भाग खालच्या रिकाम्या जागेत लिहायचा, उरलेला दाबलेल्या फाइलीच्या पलीकडे वर, आणि सगळे उघडून झाले की दोन्ही भाग १ एमबीवर आणून जोडायचे.

त्याच १९९६ साली, बेळगावात वाढलेल्या अतुल चिटणीसांच्या पुढाकाराने, पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. माझ्या हाती लिनक्स आले ते असेच. पण तेव्हाचे बहुतेक पीसी सीडीवरून सुरू होत नसत. आधी १.४४ एमबीची फ्लॉपी करावी लागे, म्हणजे ५१२ केबीची वेस ओलांडली तरी फ्लॉपीची वेस पुढे उभीच.

विद्यार्थ्याने राउटरबद्दलही विचारले आहे. ४ एमबी फ्लॅशच्या स्वस्त राउटरमध्ये कर्नल, फाइली आणि सेटिंग्ज सगळे तेवढ्यातच बसवायचे असते. म्हणून तिथे ओपनडब्ल्यूआरटीने एलझेडएमए घेतले. उघडायला वेळ लागतो, पण फाइल जीझिपपेक्षा बरीच लहान होते. २०१३ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या एलझेड४ चा कल उलटा आहे, फाइल मोठी पण उघडते झटकन. डिस्क वेगवान असेल तर मी डोळे मिटून एलझेड४ निवडतो. फ्लॅश ४ एमबीचा असेल तर ती निवडच उरत नाही.

फ्लॉपीवर कर्नलशेजारी इनिटआरडी कशी मावे, ते पुढच्या वेळी.