सोलचा प्लॅन, सोलापूरचं तिकीट

वीकेंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिली नावं कुठली येतात? लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग. खिसा जरा गरम असेल तर गोवा. पण गेल्या काही वर्षांत या यादीत एक भलतंच नाव घुसलंय. सोल! हो, कोरियाची राजधानी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून के-ड्रामा बघणाऱ्या कुठल्याही कपलला विचारून बघा. नामसान टॉवरवर नावं लिहून कुलूप अडकवायचं, भाड्याने हानबोक घालून ग्योंगबोकगुंग राजवाड्यात फोटो काढायचे (हानबोक घातला की तिकीट माफ, हा त्यातला बेस्ट फंडा!), रात्री रस्त्यावरच्या टपरीवर तोकबोकी खायची... सगळं तोंडपाठ असतं. पुण्यात बसून.

आमच्या घरातही सोलचं वारं शिरलं होतं, पण कारण वेगळं होतं. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीने दीड वर्षासाठी तिकडे पाठवायचं ठरवलं होतं. एकट्याला. सोमवारी सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. लग्नाला आठ महिने झालेले, त्यातले सहा त्याच्या नाइट शिफ्टमध्ये गेलेले. म्हणजे मी उठायचे तेव्हा हा झोपायचा. एकाच फ्लॅटमध्ये राहून आम्ही दोन वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये संसार करत होतो म्हणा ना!

त्याचं म्हणणं, “आधी दोघं वीकेंडला जाऊन शहर बघून येऊ, मग ठरवू.” आयडिया झक्कास होती. पण भारतीयांना कोरियाचा व्हिसा लागतो, आणि तो काही मूव्हीच्या तिकिटासारखा एका क्लिकवर मिळत नाही. विमानाचं भाडं बघितलं आणि लॅपटॉप मिटला. शिवाय शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी डेस्कवर बसायचं, तर सोल बघायचं कधी? एअरपोर्टवरून?

तेवढ्यात तामलवाडीच्या आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे नवऱ्याची सख्खी आत्या. “लग्न झाल्यापास्नं देवीला आला नाहीत दोघं. कधी येणार?” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “सोल नाही तर सोलापूर!” पीजे होता, पण तिकीट मात्र त्याने खरंच काढलं.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून वंदे भारत पकडली. मुंबई-सोलापूर ही गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि ऑफिसवाल्यांची मोठीच सोय झाली. अकराच्या आत सोलापूर स्टेशन. तिथे आत्यांचा मुलगा गाडी घेऊन हजर होता. सोलापूरहून तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर, आणि तामलवाडी जवळजवळ अर्ध्या वाटेवर. चकाचक हायवे, पुढे टोल नाका, फास्टॅगचा ‘टीं’ असा आवाज आणि खेळ खलास. आपण पश्चिम महाराष्ट्रातून मराठवाड्यात शिरलो हे कळतसुद्धा नाही.

आता जरा थांबा. याच रस्त्यावर एकेकाळी चक्क सरहद्द होती! १९४८ पर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यात होतं आणि तामलवाडी, तुळजापूर, धाराशिव हे सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाचा जकात वसूल करणारा स्वतंत्र विभाग होता. त्याला करोडगिरी म्हणायचे. निजामाचं चलनही वेगळं, हाली सिक्का. आत्यांच्या सासऱ्यांनी लहानपणी हे सगळं पाहिलं होतं. सोलापूरच्या बाजाराला जायचं म्हणजे परदेशी गेल्यासारखं वाटायचं, असं ते सांगायचे म्हणे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, या गावांना मात्र १७ सप्टेंबर १९४८ ची वाट बघावी लागली.

सोलला जाणारे टुरिस्ट डीएमझेड बघायला बस करून जातात. दोन्ही कोरियांमधला तो निर्मनुष्य पट्टा, १९५३ च्या युद्धबंदीपासूनचा. कंपनीच्या मेलसोबत आलेल्या माहितीतही त्याची जाहिरात होती. तिकडे कुटुंबंच्या कुटुंबं त्या रेषेने तोडली, ती परत जुळली नाहीत. आपल्याकडची रेषा पुसली गेली आणि तिच्यावरून आपण झोपेत जातो. मला तरी हे टूरच्या पॅकेजपेक्षा भारी वाटलं. नवरा तोवर मागच्या सीटवर घोरत होता.

आत्यांकडे मध्यरात्री गरम भाकरी, शेंगा चटणी आणि पिठलं. “कशाला जागलात?” असं विचारायची सोय नाही. “तुमी रोज रातभर जागताव, आमी एक दिस जागलं तर काय झालं?” हा टोमणा थेट जावयाला नाही, भाच्याला होता, म्हणून अजूनच झोंबणारा.

शनिवारी पहाटे तुळजापूर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, नवरात्रात तर वीकेंड ट्रिप म्हणून अजिबात जाऊ नका. श्रावणातल्या शनिवारी सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतं. देऊळ डोंगराच्या कुशीत खोलगट जागी आहे, त्यामुळे इतर देवळांसारखं चढून नाही, पायऱ्या उतरून देवीकडे जायचं. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ. बाहेर कवड्यांच्या माळांची दुकानं. नवी जोडपी इतकी, की मुंडावळ्यांची खूण अजून कपाळावर आहे असं वाटावं. हळदीचे हात, हिरव्या चुड्यांचा किणकिणाट, मागे सासू-नणंदांचा ताफा, पुढे हातात मोबाइल धरलेला नवरामुलगा. खरं सांगते, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं हनिमून डेस्टिनेशन हेच असणार!

एक गोष्ट मला तिथे नव्याने कळली आणि ती तुमच्या एचआरला जरूर सांगा. तुळजाभवानी वर्षातून तीनदा रजेवर जाते. इथली मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. अश्विन नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीला पलंगावर निजवतात, ती घोरनिद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. युद्धाआधी झोप, युद्धानंतरही झोप! महिषासुराला मारणारी देवीसुद्धा कामाआधी आठवडाभर पाठ टेकते, आणि आम्ही नाइट शिफ्ट संपल्यावर ईएमआयच्या काळजीने जागे राहतो.

देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरायचा, दोन्ही हात दगडावर ठेवायचे. उजवीकडे वळला तर हो, डावीकडे वळला तर नाही, हललाच नाही तर काम लांबणीवर. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घ्यायचे अशी श्रद्धा आहे. माझा यावर विश्वास नाही, नवऱ्याचाही नाही. तरी तो रांगेत उभा राहिला. हात ठेवले. दगड फिरला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कुठल्या बाजूला, यावर आमचं अजून एकमत नाही. त्याच्या उजवीकडे, की समोरून बघणाऱ्या माझ्या उजवीकडे? मागच्या काकू म्हणाल्या, “चला पुढं, प्रश्न संपला की सरकायचं असतं.”

तिथून धाराशिव. (जिल्ह्याचं आणि शहराचं उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदललं, पण रिक्षावाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत दोन्ही नावं आलटून पालटून कानावर पडतात.) शहराजवळची लेणी बघण्यासारखी आहेत, आत पार्श्वनाथाची भव्य मूर्ती आहे आणि शनिवारीसुद्धा आम्ही सोडून चार माणसं होती. शहरात परत आल्यावर गुलाबजाम खायला विसरू नका. पुढे तेर. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण ओळखतो, पण दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव तगर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात पैठणबरोबर तगरचं नाव येतं. इथला माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात आणि तिथून जहाजाने रोमन साम्राज्यात जायचा. इथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंताची एक चिमुकली बाई इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभते. इथल्या लामतुरे संग्रहालयात मातीची खेळणी, मणी, शंखाच्या बांगड्या बघत आम्ही तासभर रेंगाळलो. दीड वर्षासाठी परदेशी जाणं म्हणजे काय मोठं, असं मला क्षणभर वाटलं. मग आठवलं, त्या व्यापाऱ्यांच्या बायकांचं काय झालं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

रविवार नळदुर्गचा. या ट्रिपमधला सगळ्यात सॉलिड दिवस! सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. बोरी नदीच्या वळणातला अवाढव्य भुईकोट. दख्खनी किल्ला कसा असतो ते बघायचं असेल तर हा बघा. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज, उंच उपळी बुरूज आणि त्यावरच्या हत्ती तोफ, मगर तोफ. राज्याच्या वैभव संगोपन योजनेतून किल्ला देखभालीसाठी खासगी कंपनीकडे दिल्यापासून आत हिरवळ, बागा वगैरे झाल्या आहेत. काहींना ते पिकनिक स्पॉट वाटतं. मला ते खटकलं नाही, कारण स्वच्छतागृह स्वच्छ होतं आणि आत्यांना बसायला सावली होती.

खरी मजा पाणीमहालाची. नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हे दोन किल्ले जोडणारा दगडी बंधारा १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधला गेला. इंजिनिअर होता मीर मुहम्मद इमादिन. उंची सुमारे वीस मीटर. आणि या पठ्ठ्याने बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला! पावसाळ्यात वरून पाणी धो धो कोसळतं, आत मात्र खोली कोरडी. भिंतीतल्या सज्जात उभं राहायचं आणि समोर पाण्याचा पडदा बघायचा. वरचं बोरी धरण भरलं की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात, त्यांची नावं नर आणि मादी. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही जोरात होते. सोलमध्ये रस्ता उखडून खालचा छोन्गेछोन ओढा २००५ मध्ये परत मोकळा केला, त्याचं जगभर कौतुक झालं. तेही खरंच कौतुकास्पद आहे. पण चारशे वर्षांपूर्वी पाण्याच्या पोटात बैठकीची खोली काढणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला शाळेत कोणी सांगितलं होतं का?

आणखी एक. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ पासून काही वर्षं इथे, नळदुर्गला राहून जिल्ह्याचा कारभार बघत होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’वाला टेलर तो हाच. नंतर १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. बदलीच्या गावातून माणूस काय घेऊन जातो बघा! आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबादकडे निघाल्या, तेव्हाची पहिली मोठी चकमक इथेच, नळदुर्गला झाली.

त्या सज्जात पाण्याचा आवाज इतका की ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. भांडायला आदर्श जागा. आठ महिन्यांत जे मेसेजवर बोलत होतो ते आम्ही तिथे ओरडून बोललो. मी ओरडले, “तुला जायचंय, मग मला का विचारतोस?” तो ओरडला, “तू नको म्हणालीस तर सुटेन म्हणून!” शेजारच्या ग्रुपने मागे वळून बघितलं. मग दोघंही हसायला लागलो, कारण हे असं उत्तर पुण्यातल्या आमच्या शांत फ्लॅटमध्ये त्याला कधीच देता आलं नसतं. त्याला भीती वाटत होती. परक्या भाषेची, एकट्याने राहण्याची, दीड वर्षाने परत आल्यावर आपल्यात काय उरेल याची. मला वाटत होतं तो खूश आहे आणि मीच ब्रेक लावतेय.

आत्या खाली सावलीत शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्ही काही सांगायच्या आधीच म्हणाल्या, “तुजं मामंजी सहा वर्सं मुंबईला गिरणीत हुते, म्या हितं. पत्र यायचं म्हयन्याला. तवा काय तोंड बघायला फोन हुता का?” थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “पर लय वाईट गेली ती सहा वर्सं.” दोन्ही वाक्यं खरी होती. सल्ला मात्र त्यांनी दिला नाही.

रविवारी रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेस. पहाटे पुणे. सोमवारी साडेनऊला त्याने मेल टाकला. होकार, पण दीड वर्षाऐवजी नऊ महिने, आणि मधे दोन आठवडे घरी. मॅनेजरने दोन दिवस घेतले आणि मान्य केलं. एरवी असं काही मागायचा त्याचा स्वभावच नाही.

तो ऑक्टोबरात गेला. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत, आणि गंमत म्हणजे आता तो दिवसा काम करतो, त्यामुळे आम्ही पहिल्यांदाच एका वेळी जागे असतो. आत्यांनी दोन किलो शेंगा चटणी बांधून दिली होती. एक किलो सोलला गेली. तिथल्या भातावर ती फार छान लागते म्हणे, आणि त्याच्या टीममधल्या कोरियन मुलाने पुढच्या खेपेला अजून आणायला सांगितलंय.