चढ तोच, स्वार नवे

सांगली सोडून माधवनगर गाठलं की सायकलवाल्यापुढे दोन वाटा असतात. एक बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद करत तासगावला जाते आणि तिथून खानापूरच्या माळाला भिडते. दुसरी नांद्रे, वसगडे, भिलवडी स्टेशन या गावांना धरून पलूस-किर्लोस्करवाडीकडे, पुढे सागरेश्वरच्या डोंगराकडे जाते. हल्ली रविवारी पहाटे या दोन्ही वाटांवर हेल्मेट घातलेले, मागे लाल दिवा लुकलुकवणारे स्वार दिसतात. सायकलिंग हे नवं फॅड आहे, असं बघणाऱ्याला वाटतं. पण या मुलखातली सायकल बरीच जुनी आहे.

सुरुवात करावी लागते बेळगावातून. १८८८ साली डनलॉपने आयर्लंडमध्ये हवा भरलेली धाव बनवली. त्याच साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलीचा धंदा सुरू केला. त्यांतले लक्ष्मणराव तेव्हा विशीच्या आत होते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि पैसे घेऊन लोकांना चालवायला शिकवायच्या, असा तो उद्योग. तेव्हा सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची मिरवायची वस्तू होती. त्या दुकानातून पुढे कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. माधवनगरहून पलूसच्या वाटेने जाणारा आजचा सायकलस्वार तासा-दीड तासात ज्या कारखान्याजवळ पोचतो, त्याचं मूळ एका सायकलच्या दुकानात आहे.

पुढची तीसेक वर्षं सायकल खेड्यात फार शिरली नाही. मास्तर, तलाठी, डॉक्टर, एखादा सावकार एवढ्यांकडेच ती असे. गाडी विलायती, किंमत परवडणारी नाही आणि रस्ते खडीचे. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. मद्रासला हर्क्युलिस, आसनसोलला रॅले, सोनीपतला अ‍ॅटलास आणि १९५६ पासून लुधियानात हीरो, असे कारखाने निघाले आणि सायकल साध्या माणसाच्या आवाक्यात आली.

माधवनगरच्या रस्त्याचा खरा सायकलकाळ तो. इथे कापड गिरणी होती, जवळच साखर कारखाना, पलीकडे सांगलीची हळद-गुळाची पेठ. पाळी बदलली की बुधगाव-कवलापूरच्या बाजूने सायकलींची रांग लागे. डबा हँडलला, धोतराचा सोगा किंवा विजारीचा पायचा क्लिपमध्ये. दूधवाले कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून गवळी गल्ल्यांकडे सुटायचे. कवलापूर हे तमाशातल्या काळू-बाळूंचं गाव. त्यांचा वग शेजारच्या गावात असला की डबलसीट, प्रसंगी तिबलसीट माणसं निघत. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडत. पोरं तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, नळीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर शिकत. गुडघा फुटल्याशिवाय सायकल येत नाही, हा सर्वमान्य नियम होता.

या सायकलीला गिअर नव्हते. वीस-बावीस किलोची गाडी, वर पोतं किंवा बायको-पोर. चढ आला की उतरून ढकलायची, त्यात कमीपणा नव्हता. तासगावच्या पुढे सावळज, विट्याकडे जमीन चढत जाते. कृष्णाकाठची काळी माती आणि ऊस मागे पडतो, मुरमाड माळ सुरू होतो. विट्याजवळच्या रेवणगाव घाटात भरल्या सायकली ढकलत जाणारी माणसं जुन्या लोकांनी पाहिली आहेत. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की माळावरून परतताना सपाट रस्ताही चढासारखा अंगावर येतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

शर्यतही इथल्या मातीत होतीच. गावजत्रेच्या पत्रकात कुस्त्यांचं मैदान आणि बैलगाड्यांच्या शर्यतीसोबत सायकल शर्यतीची ओळ असे. बक्षीस रोख, वर ढाल आणि धावपट्टी म्हणजे पुढच्या गावाच्या वेशीपर्यंतचा डांबरी रस्ता. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड काढून टाकलेली घरचीच सायकल स्पर्धेत उतरे. चौकात गोल फेऱ्या मारत दिवसरात्र सायकलवरून न उतरणारा कसरतपटू हाही त्याच काळातला. अंघोळ, जेवण, दाढी सगळं सायकलवर. मोठ्या शर्यतीचं नाव म्हणजे मुंबई-पुणे. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि तो किताब खेड्यातल्या पोरांनाही पाठ असे.

उतरण कधी लागली हे सांगणं सोपं आहे. १९७२ मध्ये फिरोदियांची लुना मोपेड आली. दूधवाल्यांनी आधी ती उचलली. १९८५ मध्ये हीरो होंडा आली. सायकली बनवणाऱ्या घराण्यानेच सायकल मागे टाकणारं वाहन विकायला काढलं. गिरण्या थंडावल्या, पाळ्यांची रांग मोडली. नव्वदीनंतर सायकल हे गरिबीचं लक्षण ठरलं. मुलगा अकरावीला गेला की गाडी मागू लागला. भाड्याच्या सायकलींची दुकानं पंक्चरची झाली आणि मग मोटारसायकलच्या पंक्चरची. बिल्ला तर विस्मृतीतच गेला.

सायकल परत आली ती दुसऱ्याच दाराने. २०१० च्या आसपास ब्रेवेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या, राइड भारतात रुजल्या : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. हे आकडे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांच्या तोंडी बसले. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेची रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी जगप्रदक्षिणा पुरी केली. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे खेलो इंडियात सुवर्णपदकं घेऊन आली. मग सांगली, मिरज, सातारा, कराडमध्ये गट झाले. सातारकरांना यवतेश्वर आणि कास, वाईकरांना पसरणी, मेढ्याकडून महाबळेश्वर गाठणाऱ्यांना केळघर. सांगलीकरांच्या वाट्याला घाट लहान : दंडोबाचा डोंगर, सागरेश्वर, रेवणगाव. पण पाय तयार व्हायला तेवढे पुरतात.

२०२० ची टाळेबंदी हा या काळातला विचित्र टप्पा. व्यायामशाळा बंद, रस्ते रिकामे आणि गिअरच्या सायकलींना मागणी एवढी की दुकानात नाव नोंदवून थांबावं लागे. त्याच वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. हौसेची सायकल वर जात होती आणि कष्टाची सायकल संपत होती. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. मावळ, मुळशी, भोर, पुरंदरच्या रस्त्यांवर परदेशी संघ धावले आणि खेड्यातली माणसं रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

या सगळ्या मागोव्यातून एक गोष्ट ठळक दिसते. पूर्वी खेड्यातला माणूस सायकलवर शहरात यायचा, आता शहरातला माणूस सायकलवर खेड्यात जातो. कवठे एकंदच्या नाक्यावर चहाला थांबणाऱ्या गटाला एखादा म्हातारा हमखास विचारतो, “केवढ्याची हो ही?” आणि किंमत ऐकून म्हणतो, “एवढ्यात तर दुचाकी येती की.” त्याचं चुकत नाही. आपल्यासाठी ती सुट्टीतली गोष्ट आहे, त्याच्या पिढीने तिच्यावर संसार ओढला.

हौस वाईट नाही. तिने सायकलची लाज घालवली, हे मोठंच काम झालं. पण बुधगावची नववीतली मुलगी आज सायकलवर शाळेत जायला घाबरते, कारण गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता भरून चालतात आणि डांबराच्या कडेला पाय टेकायलाही जागा उरत नाही. सायकल गटांनी पदकांच्या आणि किलोमीटरच्या फोटोंइतकाच आवाज या कडेसाठी उठवावा. सांगली-तासगाव आणि सांगली-पलूस रस्त्यांचं पुढचं रुंदीकरण होईल तेव्हा दोन्ही बाजूंना सायकलपुरती पक्की पट्टी आराखड्यात असलीच पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत ठरावाने मांडता येते, त्याला कुठली स्पर्धा जिंकावी लागत नाही.